60 लिटरचा खारा टँक: शेवाळावर गोगलगायी, फॉस्फेट मीडिया की कीटो?

समुद्री माशांच्या टँकमधल्या खडकावर शेवाळाचे हिरवे केस उगवले, घासून काढले, आठ दिवसांत पुन्हा हजर. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चार टर्बो गोगलगायी सोडा, फस्त करतील." सोडा, पण त्याआधी टँकमध्ये पाणी कुठलं ओतताय ते बघा.

मी कित्येक महिने उडून गेलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या आरओने भरत होतो. आरओचं म्हणजे शुद्धच, असा समज. एकदा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर आकडा 85! अनेक घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळतात, हे तेव्हा कळलं. टँकमधून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, मागेच साचतं. पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडून आकडा 0 वर आणला. हे न करता खालचं काहीही विकत घेतलंत तर ते गळक्या बादलीत पाणी भरणं आहे.

टेस्ट किटही फसवतं. फॉस्फेट शून्य दाखवलं म्हणून खूश होऊ नका. ते शेवाळाच्या पोटात असतं.

आता गोगलगायी. कोवळं, आखूड शेवाळ त्या छान चरतात. बोटभर लांब झालेल्या केसांकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. शिवाय खाल्लेलं विष्ठेतून पाण्यातच परत येतं. 60 लिटरला दोन पुरेत. जास्त सोडल्या तर काच चकाचक झाल्यावर उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय पाणी आणखी नासवते. टँकमध्ये पूर्वी माशांसाठी तांब्याचं औषध टाकलं असेल तर हा पर्याय सोडूनच द्या, तांबं गोगलगायींना विष. थोडक्यात, त्या राखणदार म्हणून बऱ्या, इलाज म्हणून नाहीत.

खरी निवड उरते ती फॉस्फेट मीडिया आणि कीटोमध्ये. (डाएटवालं कीटो नव्हे. कीटोमॉर्फा, भांडी घासायच्या हिरव्या काथ्यासारखं दिसणारं समुद्री शेवाळ.)

मीडिया म्हणजे फेरिक ऑक्साइडचे तांबूस दाणे. जाळीच्या पिशवीत घालून गढूळपणा जाईपर्यंत धुवायचे आणि फिल्टरमध्ये प्रवाहात ठेवायचे. जागा लागत नाही, फरक लवकर दिसतो. पण दाणे भरले की बदलावे लागतात, तो खर्च कायमचा. नायट्रेटला ते हातही लावत नाहीत. आणि हात सैल सोडलात तर फॉस्फेट पार शून्यावर जाऊन डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांची तपकिरी, बुडबुडेवाली लाळ पसरू शकते. ती केसांपेक्षा चिवट. फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असलेलं बरं.

कीटोला टँकमागे लटकणारा डबा आणि छोटा दिवा लागतो. तो दिवा मुख्य दिवा बंद असताना, रात्री लावायचा. त्यामुळे रात्री पीएच फारसा खाली येत नाही. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शोषतं. मात्र वाढलेला गोळा कापून फेकला तरच उपयोग; पाण्यातली घाण बाहेर जाते ती त्या कात्रीने. जागा असेल तर मी डोळे झाकून कीटो घेईन. टँक भिंतीला चिकटलेला असेल तर नाइलाजाने मीडिया.

दोन्हीच्या आधी हाताने उपसणं चुकत नाही. जुना टूथब्रश सायफनच्या नळीच्या तोंडाला रबरबँडने बांधा, पाणी बदलताना घासा. सुटलेले धागे थेट बादलीत जातात, खडकाखडकांत पसरत नाहीत.

हे सगळं करूनही शेवाळ हटत नसेल तर भिंगातून बघा. धाग्याला पिसासारख्या फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस. त्यावर शौकीन फ्लुकोनॅझोल वापरतात, लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम. म्हणजे 60 लिटरला 150 च्या दोन गोळ्या. फिल्टरमधला कार्बन (तो औषध शोषून घेतो) काढून दोन-तीन आठवडे वाट बघायची. नखांच्या बुरशीवर डॉक्टर लिहून देतात तेच हे औषध, तेव्हा चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि पिसं दिसली नाहीत तर गोळीच्या वाटेला जाऊच नका.