केमोआधी काय गोठवावं: स्त्रीबीजं की अंडाशयाचा तुकडा?

केमोची तारीख ठरलीय, पुढे मूल हवंय, मग काय गोठवू? मैत्रिणीने परवा रडवेल्या आवाजात विचारलं. कर्करोगावरच्या केमोने अंडाशयातली स्त्रीबीजं नष्ट होऊ शकतात, म्हणून आधीच काहीतरी गोठवून ठेवायचं. दोन्ही गोष्टी शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच राहतात, वर्षानुवर्षं. फरक आहे तो आधीचा आणि नंतरचा.

सगळ्यात आधी वेळ. स्त्रीबीजांसाठी साधारण १० ते १४ दिवस रोज इंजेक्शनं, मग सुईने बीजं काढणं. या पेशीत पाणी भरपूर. आत बर्फाचे स्फटिक झाले तर ती फाटते, म्हणून तिला क्षणार्धात काचेसारखी गोठवतात. तुकड्याला इंजेक्शनं नाहीत: दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि काही दिवसांत केमो सुरू. वयात न आलेल्या मुलींना तर हाच मार्ग.

नंतर? स्त्रीबीजांना आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत शरीराबाहेर गर्भ तयार करणं, लागतंच. तुकडा परत बसवला तर पाळी सुरू होऊ शकते, नैसर्गिकरीत्या दिवसही राहू शकतात. असं पहिलं बाळ २००४ साली जन्मलं. पण ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, त्या तुकड्यातच कर्करोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात. तिथे मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

डॉक्टर दोन आठवडे थांबू देत असतील तर स्त्रीबीजं. थांबणं शक्यच नसेल किंवा रुग्ण लहान मुलगी असेल तर तुकडा.