ट्रॅकसाठी ब्रेक डिस्क: साधी की खाचांची?

रोजची गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर न्यायची असेल, तर भोकांची डिस्क आधीच बाद करा. दिसते झकास, पण वारंवार तापून-निवून भोकांच्या कडांपासून तडे जातात. खरी निवड साधी आणि खाचांची यांतच आहे.

साध्या डिस्कमध्ये धातू थोडा जास्त, म्हणजे उष्णता साठवायला जागा जास्त. ती स्वस्त असते, आवाज करत नाही आणि तिला घासून गाडी थांबवणारे पॅडही जास्त टिकतात. खाचांची डिस्क पॅडचा चकाकलेला थर खरवडते, भुकटी बाहेर टाकते. पेडलची पकड एकसारखी राहते. बदल्यात पॅड लवकर झिजतात, घरघर ऐकू येते.

सुरुवातीला साधीच घ्या. वाचलेले पैसे ट्रॅकचे पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३०°से. असतो, ओलावा शोषल्यावर १५५°पर्यंत उतरू शकतो. मग ऑइल उकळून वाफ झाली, की पेडल थेट तळाला!

स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुधा डिस्कवर पॅडचा थर असमान चिकटलेला असतो. म्हणून ब्रेक निवायला शेवटची फेरी सावकाश मारा. थांबल्यावर पेडल दाबून ठेवू नका, हँडब्रेकही नको. गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा.