३५ इंची टायरला ४.५६ की ४.८८? डेन्व्हरहून एक हिशेब

गाडी अडीच इंच उचलली, ३५ इंची टायर चढवले, फोटो काढून पुण्याला पाठवला. पुढच्या शनिवारी आय-७० धरून पश्चिमेला निघालो आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर, इमर्जन्सी दिवे लावून सरपटणाऱ्या अठराचाकी ट्रकांच्या रांगेत आम्हीही सामील. बायको म्हणाली, "कसारा घाटात गाडीला मागून जादा इंजिन लावतात ना, तसं इथे भाड्याने मिळत नाही का?"

गाडी २०१४ ची जीप रँग्लर सहारा (जेके पिढीतली): ३.६ लिटर पेंटास्टार व्ही-६, पाच गिअरची ऑटोमॅटिक, ॲक्सलच्या गिअरचं गुणोत्तर ३.७३. त्यानंतर महिनाभर मी ३.७३, ४.१०, ४.५६, ४.८८ आणि ५.१३ हे आकडे घोळवत होतो. तुम्हीही त्याच उंबरठ्यावर असाल तर हा हिशेब कामी येईल.

आकडा म्हणजे काय, ते आधी. आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, त्या जोडीतल्या क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४.१० म्हणजे ४१ ला १०, ४.५६ म्हणजे ४१ ला ९. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टने किती फेरे घ्यायचे, एवढंच तो सांगतो. आकडा मोठा तर ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरेही जास्त. टायर मोठा झाला की याच्या बरोबर उलट होतं. ३२ चा ३५ केला की साधारण नऊ टक्के ओढ जाते. म्हणजे माझी ३.७३ ची गाडी नकळत ३.४१ ची झाली होती. शिवाय टायर जड आणि गाडी उंच झाल्याने वाराही जास्त अंगावर घेणारी. ते या भागाकारात येत नाही.

खालचे फेरे (इंजिनचे, दर मिनिटाला; वेग ताशी मैलांत) ३५ इंची टायर धरून काढलेत. पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचा शेवटचा गिअर ०.८३, आठ गिअरच्या नव्या जेएलचा (रँग्लरची जेकेनंतरची पिढी) ०.६७. गाडीच्या वजनाने टायर बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात फेरे याहून थोडे जास्तच दिसतील.

| आकडा | दात | ५ गिअर, ६५ मैल | ५ गिअर, ७५ मैल | ८ गिअर, ६५ मैल |
|---|---|---|---|---|
| ३.७३ | ४१/११ | १९३० | २२३० | १५६० |
| ४.१० | ४१/१० | २१२० | २४५० | १७१० |
| ४.५६ | ४१/९ | २३६० | २७३० | १९१० |
| ४.८८ | ३९/८ | २५३० | २९२० | २०४० |
| ५.१३ | ४१/८ | २६६० | ३०७० | २१५० |

तुलनेला: कारखान्यातून ३२ इंची टायर आणि ४.१० घेऊन निघालेली पाच गिअरची रुबिकॉन (रँग्लरचं खडतर वाटांसाठीचं मॉडेल) ६५ ला साधारण २३२० फेरे घेते. म्हणजे ४.१० ची गाडी ४.५६ लावून फक्त मूळ जागी परत येते. दुकानदार ४.५६ ला 'अपग्रेड' म्हणतात तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आता खरा मुद्दा. पेंटास्टारची ओढ वर आहे. कागदावरचे ३५३ न्यूटन-मीटर ४८०० फेऱ्यांना मिळतात. डिझेलसारखं हे इंजिन तळातून ढकलत नाही. (म्हणूनच तीन लिटर डिझेलच्या जेएलला कंपनीने ३.७३ दिला. त्यात ५९९ न्यूटन-मीटर १४०० फेऱ्यांपासूनच हजर असतात. डिझेलवाल्यांनी पुढचं सगळं हसत वाचावं.) त्यात उंची. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के दम गमावतं. डेन्व्हर ५२८० फुटांवर, बोगदा ११,१५८ फुटांवर. तिथे पोचेपर्यंत इंजिनचा एक तृतीयांश भाग समुद्रसपाटीलाच राहिलेला असतो. कोणत्या टायरला कोणता आकडा हे सांगणारे रंगीत तक्ते ही उंची धरत नाहीत.

मला वाटायचं, मोठा आकडा म्हणजे चढावर इंजिन जास्त ओरडणार. झालं उलट. बोगद्याकडच्या सात टक्के चढावर ६० मैलांचा वेग राखायचा तर ३.७३ ची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ३०३० फेऱ्यांवर असते. तेवढ्याने भागत नाही, म्हणून गिअरबॉक्स दुसऱ्यात पडतो आणि फेरे एकदम ४७०० होतात. ४.८८ तिसऱ्यातच ३९६० वर निवांत चढतो. म्हणजे 'कमी फेऱ्यांचा' आकडा नेमका घाटात जास्त ओरडतो. ४.१० ची अवस्था सर्वांत केविलवाणी. तिसऱ्यात ३३३०, पुरतंय न पुरतंय अशा काठावर. जरा वारा समोरून आला की गिअरबॉक्स दोन-तीन, दोन-तीन असा झोके घेत राहतो आणि त्याचं तेल तापत जातं. पेट्रोलचंही तेच. सपाटीवर मोठा आकडा थोडं जास्त पितो हे खरं, पण चढ-उतारावर ही गिअरांची धावपळ वाचते आणि हिशेब बराचसा बरोबरीत येतो.

४.५६ आणि ४.८८ मध्ये फरक सात टक्क्यांचा. मोठ्या चढावर दोन्ही तिसऱ्यातच राहतात, ४.५६ चे ३७०० फेरे. फरक जाणवतो तो मधल्या, तीन-चार टक्क्यांच्या लांबलचक चढांवर. तिथे ४.८८ चौथ्यात सहज राहतो, ४.५६ राहतो पण पेडल खोल दाबून. टपावर सामान, मागे सायकली, दोन मुलं असली की ४.५६ ची सुटका नसते, तिसरा घ्यावाच लागतो. तुमची गाडी बहुतेक वेळ कॅन्ससच्या बाजूला सपाटीवर पळणार असेल, तर ४.५६ घ्या आणि पुढचं वाचू नका. ७५ ला २०० फेरे कमी म्हणजे केबिनमध्ये बोलणं ऐकू येतं, आणि कापडी छताच्या रँग्लरमध्ये तेही काही कमी नाही. डोंगराकडे वर्षातून दहा-बारा खेपा असतील तर ४.८८.

आठ गिअरची जेएल असेल तर मात्र माझा सल्ला बदलतो. तिचा पहिला गिअर ४.७१ चा आणि मधल्या पायऱ्या जवळजवळ, त्यामुळे नेमका गिअर सापडतोच. कंपनीने स्वतः एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये ३५ इंची टायरसोबत ४.५६ दिला आहे. तिथे ४.५६ वर थांबा. ४.१० ची जेएल रुबिकॉन ३५ वर चालवणारेही सुखी दिसतात. फक्त सपाट रस्त्यावर आठवा गिअर शोभेपुरता उरतो. सहा गिअरची मॅन्युअल जेके? पहिला गिअर मुळातच ४.४६ चा आहे, ४.५६ पुरे.

५.१३ चा मोह सगळ्यांना होतो. पिनियनला आठच दात, म्हणजे पिनियन बारीक. सहारा आणि स्पोर्टला पुढे डाना ३० ॲक्सल असतो, त्याचा क्राउन लहान. त्यात ५.१३ घालून दगडांवर उड्या मारायच्या, तर टो-ट्रकचा नंबर सेव्ह करून ठेवा. रुबिकॉनला पुढेमागे डाना ४४ आहे. ३७ इंची टायर खरंच घेणार असाल तर तिथे ५.१३ शोभतो. ३७ 'पुढे कधीतरी' घेणार असाल तर ते आत्ताच ठरवा, कारण मजुरी दोनदा लागते आणि ती सुट्या भागांइतकीच चावते.

दगडधोंड्यांचं गणित थोडक्यात. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे किती फेरे, ते काढायचं: पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केस (ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणारा गिअरचा डबा, त्याचा हळू गिअर) गुणिले ॲक्सल. माझ्या सहाराचं ३.७३ वर ३६ येत होतं, ४.८८ वर ४८ आलं. रुबिकॉनची ट्रान्सफर केस चारपट, म्हणून पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ४.१० वरच ५९. नुसतं रांगण्यासाठी आकडा बदलायचा असेल, तर रुबिकॉनवाल्यांनी पैसे वाचवावेत.

पैसे म्हणजे किती? दोन्ही ॲक्सलचे भाग आणि मजुरी मिळून दोन ते तीन हजार डॉलर धरून चाला. दोन्ही ॲक्सलचा आकडा एकच हवा. पुढचा नंतर करू असं म्हणून फोर-व्हील लावलंत तर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि सगळ्यात नाजूक भाग तुटतो. आकडा बदलताना काही ॲक्सलना वेगळा कॅरियर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतो. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) देऊन दुकानदाराकडून आधीच खात्री करून घ्या.

आणि माणूस बघून काम द्या. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा दाब), दातांमधला इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचा बॅकलॅश (मोकळीक), दातांना रंग लावून बघायचा ठसा: हे सगळं हाताचं काम आहे. पहिल्यांदा मी स्वस्तातल्या जागी गेलो. ॲक्सिलरेटर सोडला की मागून पन्नास मैलांना बारीक शिट्टी. "नवीन आहे, बसेल" असं सांगितलं. बसली नाही. दुसऱ्याकडे पुन्हा उघडून शिम (पातळ चकत्या) बदलावे लागले. शिट्टी पहिल्या दिवशी असेल तर ती तुमच्याबरोबर म्हातारी होते.

काम झाल्यावर प्रोग्रॅमर लावून टायरचं माप आणि नवा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगा. नाहीतर गिअर नको तिथे बदलतात. नुसते टायर बदलले असतील तर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६५ च्या वर असता, आणि हे पोलिसाला समजावणं अवघड.

नवी जोडी बसवल्यावर पहिले पंधरा-वीस मैल हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. ५०० मैलांपर्यंत ट्रेलर नको, मग दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदला. मोॲबचं (युटामधलं दगडांवर गाड्या चढवायचं ठिकाण) बुकिंग त्यानंतरच्या तारखेचं करा.