खोक्यावर 600, आत 150: वाय-फाय डोंगलच्या खरेदीत झालेली फसवणूक

‘ड्युअल बँड, 600 एमबीपीएस, यूएसबी 3.0’ असे ठळक अक्षरांत छापलेले वाय-फाय डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावून संगणकाला वाय-फाय देणारे छोटे उपकरण, मला सांगलीतील एका दुकानातून 850 रुपयांना विकण्यात आले आणि या तीनपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. रक्कम मोठी नाही, परंतु हाच माल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत सर्रास विकला जातो आणि घेणाऱ्याला तो शेवटपर्यंत आपल्या राउटरचा किंवा इंटरनेट कंपनीचा दोष वाटत राहतो, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

मी हळदीच्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम घरी बसून करतो. संगणक जुना डेस्कटॉप आहे, त्यात वाय-फाय नाही, आणि गावभागातल्या आमच्या घरात राउटरपासून संगणकापर्यंत केबल ओढणे कोणाच्याही मनात नव्हते. राउटर संगणकासारखाच माडीवर, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे आहे. तो दोन्ही बँडचा, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरपट्ट्यांवर चालणारा, असून इंटरनेटची जोडणी 200 एमबीपीएस वेगाची आहे. दुकानदाराला मी हे सर्व सांगितले आणि 5 गिगाहर्ट्झवर चालणारे डोंगल मागितले. त्याने कपाटातून हे खोके काढून दिले.

डोंगल लावल्यावर विंडोजने ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) आपणहून शोधला आणि नेटवर्कची यादी दिसू लागली. त्या यादीत राउटरचे 2.4 गिगाहर्ट्झचे नाव होते, शेजाऱ्यांची नावे होती, पण 5 गिगाहर्ट्झचे नाव नव्हते. त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाइलला मात्र ते नाव पूर्ण सिग्नलसह दिसत होते आणि मोबाइलवर वेग 180 च्या आसपास मिळत होता. संगणकावर तो 35 च्या वर जाईना.

दुकानदाराला फोन केला, तेव्हा त्याचे पहिले उत्तर ठरलेले होते: “साहेब, राउटर जुना असेल तुमचा.” मोबाइलची गोष्ट सांगितल्यावर तो म्हणाला, “5 गिगाहर्ट्झला आपल्याकडे सरकारची परवानगी नाही, म्हणून डोंगल ते दाखवत नाही.” हे धादांत खोटे आहे. भारत सरकारने 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधील वाय-फायचे पट्टे घरात आणि घराबाहेरही विनापरवाना वापरासाठी खुले केले आहेत. तिसरे उत्तर असे, की ड्रायव्हर नीट बसलेला नाही, माणूस पाठवतो. तो माणूस आला, खोक्यातली छोटी सीडी त्याने हातात घेऊन बाजूला ठेवली, कारण डेस्कटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, आणि कुठल्याशा संकेतस्थळावरून एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवून घेतला. त्या प्रोग्रॅमने संगणकात डझनावारी दोष असल्याचे लाल अक्षरांत दाखवले आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. मी तो तिथेच काढून टाकायला लावला. तरीही त्या माणसाने भेटीचे 400 रुपये घेतलेच. ग्राहकांची विवरणपत्रे ज्या संगणकावर असतात, त्यावर असला अनोळखी प्रोग्रॅम क्षणभरही ठेवणे धोक्याचे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातला हा भाग डोंगलच्या किमतीपेक्षा गंभीर आहे.

वस्तू खरोखर काय आहे, हे संगणक स्वतः सांगतो. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समधल्या डोंगलच्या नावावर उजवे क्लिक करावे, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स हे पान निवडावे आणि यादीतून हार्डवेअर आयडी काढावा. तिथे दोन क्रमांक दिसतात: व्हीआयडी म्हणजे चिप बनवणारी किंवा वस्तू विकणारी कंपनी आणि पीआयडी म्हणजे विशिष्ट वस्तू. माझ्या डोंगलचा व्हीआयडी 148एफ आणि पीआयडी 7601 निघाला. 148एफ हा रॅलिंक कंपनीचा क्रमांक आहे, जी 2011 मध्ये मीडियाटेकने विकत घेतली, आणि 7601 म्हणजे एमटी7601यू ही चिप. ती फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते, एका वेळी डेटाचा एकच प्रवाह हाताळते आणि कागदावरचा तिचा कमाल वेग 150 एमबीपीएस आहे. चिपमध्ये काहीही खोट नाही. 150 ची म्हणून दोन-अडीचशे रुपयांना विकली तर ती प्रामाणिक वस्तू आहे. खोट खोक्यावरच्या मजकुरात आहे.

क्रमांकांचा अर्थ शोधत बसायचे नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘netsh wlan show drivers’ ही आज्ञा टाइप करावी. उत्तरात ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ अशी एक ओळ येते. तिथे 802.11एसी लिहिलेले असेल तर 5 गिगाहर्ट्झ आहे. माझ्याकडे बी, जी आणि एन एवढेच होते. नुसता ड्रायव्हर बदलल्याने ही चिप 5 गिगाहर्ट्झवर चालू लागत नाही, हे त्या भेटीला आलेल्या माणसालाही नक्कीच ठाऊक असणार.

यूएसबी 3.0 चे सोंग तर डोळ्यांनाच दिसते. खऱ्या यूएसबी 3.0 प्लगच्या तोंडात पाहिले तर पुढच्या चार चकचकीत पट्ट्यांच्या मागे आणखी पाच संपर्कबिंदू दिसतात. माझ्या डोंगलच्या तोंडात प्लास्टिक निळे होते, पट्ट्या मात्र चारच होत्या. तोच प्रकार अँटेनाचा. बोटाएवढी काळी अँटेना फिरवून पूर्ण काढून ठेवली, तरी सिग्नलची टक्केवारी जागची हलली नाही. म्हणजे अँटेना शोभेची आणि खरे काम आतल्या छोट्या अँटेना-पट्टीवरच चाललेले.

600 या आकड्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण अस्सल डोंगलवरही तो असतो आणि तिथेही तो ग्राहकाला थोडा फुगवूनच सांगितला जातो. 2.4 गिगाहर्ट्झवरचे 150 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 433 यांची बेरीज 583 होते, तीच पुढे 600 म्हणून छापतात. डोंगल एका वेळी एकाच बँडवर जोडलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षात कमाल 433 चीच जोडणी मिळते आणि फाइल उतरवताना हाती येणारा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. माझ्या 200 च्या जोडणीला ते पुरेसे आहे. आपली जोडणी किती एमबीपीएसची आहे, हे आधी पाहून मगच महाग डोंगल घ्यावे की नाही ते ठरवावे.

हार्डवेअर आयडीचे आणि डोंगलच्या तोंडाचे फोटो घेऊन मी दुकानात गेलो. बिलावर नुसते ‘वाय-फाय डोंगल’ लिहिण्याचा दुकानदाराचा बेत मी खरेदीच्या वेळीच मोडला होता आणि ‘ड्युअल बँड 600’ हे शब्द लिहून घेतले होते. ते आता उपयोगी पडले. आधी “उघडलेला माल परत घेत नाही” झाले, मग “तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही” असा कायदाही सांगून झाला. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळलेली असली, तरी स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराकरिता घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आयोग सांगलीतच आहे, हे मी त्याला शांतपणे सांगितले. त्याने 850 रुपये काढून दिले, डोंगल रुमालाने पुसले, त्याच खोक्यात घातले आणि माझ्यादेखत ते खोके कपाटात पुन्हा पुढच्या रांगेत ठेवले.

म्हणून खोके हाती आल्यावर प्रथम सील पाहावे. त्यानंतर बाजूचा बारीक मजकूर वाचावा. वैध मापनशास्त्राच्या (वजने-मापे आणि वेष्टित मालाच्या) 2011 च्या नियमांप्रमाणे आयात मालाच्या वेष्टणावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. माझ्या खोक्यावर आयातदाराचे नाव कुठेही नव्हते आणि किंमत हाताने चिकटवलेल्या चिठ्ठीवर होती. शक्य असेल तर दुकानातल्याच लॅपटॉपला डोंगल लावून वर सांगितलेली ‘रेडिओ टाइप्स’ची ओळ पाहावी; ज्याचा माल खरा आहे तो दुकानदार याला नाही म्हणत नाही. ऑनलाइन घेतल्यास खोके उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवावे आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आत हार्डवेअर आयडी तपासावा.

दुसरे डोंगल मी असेच दुकानात लावून, रेडिओच्या ओळीत एसी पाहून घेतले. ते संगणकाच्या मागच्या बाजूला, लोखंडी पेटीआड न लावता छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणले आहे, कारण पेटीचा पत्रा सिग्नल अडवतो आणि शेजारच्या यूएसबी 3.0 पोर्टमधल्या उपकरणांचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झला बाधतो. आता 5 गिगाहर्ट्झवर 170 ते 190 मिळतात. भेटीचे 400 रुपये दुकानदार आपले मानायला तयार नाही आणि तो माणूस फोन उचलत नाही. त्याबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि ती अद्याप प्रलंबित आहे.