ताकाओ की सेन्जोगाहारा? जपानी उन्हाळ्यातले पक्षी आणि किडे

टोकियोत मुक्काम, जून-जुलैतले दोन दिवस मोकळे आणि गळ्यात दुर्बीण, असं असलं की विचारणा बहुतेक वेळा या दोन जागांवर येऊन थांबते. एक शहराच्या पश्चिमेचा ५९९ मीटरचा ताकाओ डोंगर, दुसरी निक्को गावाच्याही वर, साधारण १४०० मीटरवरची सेन्जोगाहाराची पाणथळ.

सोयीच्या बाबतीत तुलनाच नाही. शिंजुकूहून केइओ लाइनने ताकाओ तासाभरात गाठता येतो. सेन्जोगाहारासाठी आसाकुसाहून निक्कोपर्यंत एक्स्प्रेसला दोनेक तास, तिथून बसने इरोहाझाकाचा घाट चढायला आणखी तासभर. सकाळी लवकर निघालं तरी पाणथळीजवळच्या आकानुमाच्या थांब्यावर उतरेपर्यंत दहा वाजून जातात आणि पक्ष्यांची वेळ टळते. म्हणून तिकडे जायचं तर आणखी वरच्या युमोतो गावात रात्र काढायची, पहाटे युनोको तळ्याच्या काठाने युदाकी धबधब्यापाशी उतरायचं आणि तिथून पाणथळीवरच्या लाकडी फळ्यांच्या वाटेने आकानुमाकडे यायचं. दुर्बिणीतून बघत, रेंगाळत चाललं तर अर्धा दिवस सहज जातो. खर्च अर्थातच वाढतो.

किड्यांसाठी जाणार असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ताकाओच. तिथल्या ओढ्याकाठच्या ६ नंबरच्या वाटेवर जूनमध्ये पायाशी बघत चाला. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, घट्ट वळलेल्या हिरव्या सुरळ्या पडलेल्या दिसतील. ही ओतोशिबुमी या सोंड्या भुंग्याच्या मादीची करामत. ती आधी पान आडवं कापते, ते जरा मलूल झालं की मधल्या शिरेवर दुमडते, टोकाकडून गुंडाळताना आत अंडं ठेवते आणि विड्यासारखी पक्की घडी घालून देठाकडून तोडून टाकते. सुरळी उलगडून बघायचा मोह होतो, पण उलगडली की आतल्या अळीचं घर आणि अन्न दोन्ही संपलं. ओढ्यावर तपकिरी पंखांच्या मोठ्या टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) असतात, आणि पुढे उन्हाळा चढला की हियोदोरीबानाच्या फुलांवर आसागीमादारा फुलपाखरं येतात. एखाद्याच्या पंखावर पेनाने लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. स्थलांतराचा माग काढणाऱ्यांनी जागा आणि तारीख लिहून सोडलेलं असतं. फोटो काढून ठेवा.

आणखी एक जागा बरेच जण चुकवतात. सकाळी सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या आणि दिव्याखालच्या भिंती नीट बघा. रात्रभर उजेडाला आलेले पतंग तिथेच चिकटून बसलेले असतात. कुनुगी या ओकच्या झाडाच्या खोडावर रस पाझरत असेल तर भुंगेऱ्यांच्या शेजारी मोठ्या गांधीलमाश्याही असतात, तेव्हा काळे कपडे नकोत आणि हातवारे तर नकोतच. ६ नंबरची वाट वरच्या टप्प्यात चक्क ओढ्याच्या पात्रातल्या दगडांवरून जाते. जोराच्या पावसानंतर ती टाळलेली बरी.

पक्ष्यांचं मात्र ताकाओवर एक दुखणं आहे, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लागला. लोक तिथे येतात ते ओओरुरीसाठी. निळा माशीमार, गळा भरून गाणारा. तो गातो उंच झाडाच्या शेंड्यावर बसून, आणि आपण उभे दरीतल्या ओढ्याकाठी. त्याचं निळेपण सगळं पाठीवर, गळा काळा आणि पोट पांढरं. खालून दिसतं ते पोट, मागे दमट हवेचं पांढुरकं आभाळ. मान मोडेपर्यंत बघा, निळा पक्षी काळा-पांढराच दिसतो. दुर्बीण महागडी असली तरी यात फरक पडत नाही, कारण अडचण कोनाची आहे. त्यात जुलैच्या उत्तरार्धात सिकाडांनी, म्हणजे झाडांवर कर्कश ओरडणाऱ्या किड्यांनी, सूर लावला की कानावर भिस्त ठेवून पक्षी शोधायचीही सोय उरत नाही.

सेन्जोगाहाराला मान वर करावीच लागत नाही. कंबरेएवढ्या झुडपाच्या टोकावर गप्पीदासाचा नर समोर येऊन बसतो, डोळ्यांच्या रेषेत. आपल्या माळरानावर हिवाळ्यात येतो त्याचाच हा सख्खा भाऊबंद, पण तिकडे विणीच्या पोशाखात. डोकं कोळशासारखं काळं, छाती नारिंगी, आणि अधूनमधून शेपटी झटकत राहणार. तांबड्या कानांचा भारीट तिथल्याच झुडपांत गातो, कुकू मोकळ्यावरून आरपार उडत जातो. जूनमध्ये रानाच्या पट्ट्यात सिकाडा तिथेही ओरडतात, पण पाणथळीवर आलं की आवाज मागे राहतो.

उणिवा आहेतच. फळ्यांवरून खाली उतरायचं नाही, त्यामुळे दोन मीटरवरचा किडा दोन मीटरवरच राहतो. ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखाली जपलेली पाणथळ आहे, जाळं घरीच ठेवा. बुयो नावाची बारकी माशी चावली की घोटा चांगलाच सुजतो. मोजे पँटवर ओढा आणि औषधाच्या दुकानातून ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं औषध) असलेला स्प्रे घ्या. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून घुंगरू रानात वाजू द्या, मोकळ्यावर आल्यावर मुठीत धरा. कॅमेऱ्याची तिवई शक्यतो नकोच, वाट अरुंद आहे.

दोन्हींची हौस सारखीच असेल तर मी जूनअखेरीस सेन्जोगाहाराच सुचवेन. मुलं बरोबर असतील किंवा ऑगस्ट उजाडला असेल तर कौल बदलतो. ऑगस्टमध्ये गाणी थांबलेली असतात, आणि वर पठारावर मुख्यतः आकिआकाने चतुर उरतात. मैदानातल्या उकाड्यापासून पळून ते तिथे उन्हाळा काढतात आणि शरदात लाल होऊन खाली परततात.

ताकाओलाच जावं लागलं आणि ओओरुरी निळा बघायचाच असेल तर ४ नंबरच्या वाटेवरचा झुलता पूल गाठा. तिथून काही झाडांचे शेंडे आपल्या पातळीला येतात. पण एक माणूस चालला तरी पूल हलतो आणि दुर्बिणीतलं चित्र नाचायला लागतं. आठच्या पहिल्या केबल कारची गर्दी वर यायच्या आत तिथे उभे राहा.