एकच जागा झाकायची आहे: पीएनए मागवावं की सल्फरवाला प्रायमर?

प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या गोलावर, इको-आर-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या दोन जागा आहेत आणि कापायची आहे एकच. गोव्यात ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात असा, नाहीतर सांकवाळच्या कॅम्पसवर, प्रकल्प करताना हा पेच कधी ना कधी पडतोच. नवा क्लोन करत बसण्यापेक्षा नको असलेली जागा कृत्रिम न्यूक्लिक आम्लाने झाकणं सोपं. ऑर्डर कशाची द्यायची, पीएनएची (पेप्टाइड न्यूक्लिक ॲसिड) की सल्फरवाल्या प्रायमरची (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा), एवढंच ठरवायचं असतं.

खिशाला परवडतं ते फॉस्फोरोथायोएट. डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर एका ऑक्सिजनऐवजी सल्फर बसवलेला असतो, बाकी प्रायमर नेहमीचाच. कापायच्या बंधावर सल्फर आला की काही एन्झाइम तो धागा सोडून फक्त समोरचा कापतात. 1992 साली आलेल्या स्ट्रँड डिस्प्लेसमेंट ॲम्प्लिफिकेशन या डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीत हिंक-टू एन्झाइमकडून हेच काम करून घेतलं होतं. पण सल्फर प्रायमरमधून येतो, म्हणजे पीसीआरच्या तुकड्यापुरताच. जिवाणूतून काढलेल्या प्लाझ्मिडला त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय यंत्रावर बनलेल्या प्रायमरमध्ये सल्फरच्या दोन्ही मांडण्या, डावी आणि उजवी, मिसळून येतात. एन्झाइमला त्या दोन्ही सारख्या वाटतीलच असं नाही. मग तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अर्धवट कापलेला माल दिसतो आणि गाईड विचारतात, ‘हे काय?’

आपल्या प्लाझ्मिडसाठी म्हणूनच माझा कौल पीएनएला, महाग असूनही. 1991 मध्ये कोपनहेगनमध्ये नील्सन आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. त्यात साखर नाही, फॉस्फेट नाही. प्रथिनासारख्या कण्यावर डीएनएचे बेस लावलेले. कण्यावर भार नसल्यामुळे ते डीएनएच्या दुहेरी गोफात घुसून एका धाग्याला घट्ट धरतं आणि दुसऱ्याला बाजूला सारतं. तिथे एन्झाइमला बसायलाच जागा उरत नाही.

यात बिस-पीएनए (दोन पीएनए जोडून केलेलं) निवडलंत तर आधी आपला क्रम नीट बघा. त्याला सलग प्युरीन लागतात, म्हणजे एका धाग्यावर नुसते ए आणि जी. जीएएटीटीसी ही इको-आर-वनची पूर्ण जागा कधीच तशी नसते, पण तिच्या आधी प्युरीनची रांग असली आणि ती पहिल्या जीएएपर्यंत आली, तर तेवढं आच्छादन पुरतं. रांग नसेल तर स्यूडोकॉम्प्लिमेंटरी पीएनएची, म्हणजे एकमेकांना न धरता दोन्ही धाग्यांवर बसणारी, जोडी घ्यावी. ती मिश्र क्रमावर बसते, मात्र त्यात ए-टी जोड्यांचं प्रमाण बऱ्यापैकी, साधारण 40 टक्के तरी, असावं लागतं.

काम बिघडतं ते बहुधा मिठामुळे. पीएनएला गोफात शिरायला कमी मीठ लागतं, आणि एन्झाइमच्या बफरमध्ये ते भरपूर असतं. म्हणून आधी कमी मिठाच्या बफरमध्ये पीएनए बसू द्यायचं, बफर आणि एन्झाइम नंतर. एकदा बसलेलं पीएनए मिठाने सहसा हलत नाही. सगळं एकदम ओतण्याचा मोह टाळा. पीएनए प्लास्टिकलाही चिकटतं, तेव्हा टोकाला लायसिन हे अमिनो आम्ल लावून मागवा आणि वापरण्याआधी द्रावण थोडं गरम करून घ्या.

याची उलटी युक्तीही आहे. 1996 मध्ये हवी ती जागा पीएनएने झाकून, बाकी सगळ्या जागा मिथायलेजने (डीएनएला मिथाइल गट लावणारं एन्झाइम) बंद करून, मग पीएनए काढून फक्त तीच कापून दाखवली होती. मोठ्या जीनोमसाठी हे फार कामाचं. दोन जागांच्या प्लाझ्मिडला मात्र द्राविडी प्राणायाम.

एलएनए (लॉक्ड न्यूक्लिक ॲसिड, आणखी एक कृत्रिम न्यूक्लिक आम्ल)? एकेरी धाग्यावर झकास, दुहेरी गोफात मात्र पीएनएसारखं घुसत नाही. सोडून द्या.

जेल बघणं सोपं आहे: दोन्ही जागा कापल्या तर दोन तुकडे, एक झाकली गेली तर पूर्ण लांबीचा एकच पट्टा. पीएनए नसलेली नळी प्रत्येक वेळी शेजारी चालवाच. चतुर्थीच्या सुटीत वीज जाऊन डीप फ्रीझर बंद पडला असेल, तर एन्झाइम मेलेलं आहे हे त्या नळीतच कळेल. नाहीतर न कापलेला डीएनए बघून तुम्ही पीएनएचं कौतुक करत बसाल.