न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याची मोटार: नऊ दिवसांचा अनुभव

गेल्या मार्च महिन्यात मी, माझे पती आणि माझी ७२ वर्षांची आई अशा तिघांनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याच्या मोटारीने प्रवास केला. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेतली आणि नऊ दिवसांनी क्वीन्सटाउनला परत केली. तोवर सुमारे १,५०० किलोमीटर झाले होते. गाडी एका मध्यम आकाराच्या स्थानिक कंपनीची होती. दोन शाखांतील अनुभवावरून साऱ्या कंपनीची पारख करणे बरोबर नाही, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगते: गाडी उत्तम होती, व्यवहार सरळ होता आणि वयस्कर माणसाला सोबत घेऊन हा प्रदेश पाहायचा तर याहून सोयीचे साधन नाही. तक्रार आहे ती विम्याबद्दल, आणि तिचा दोष गाडी देणाऱ्या कंपनीकडे जात नाही.

परवान्याचे काम सोपे झाले. आपला स्मार्ट कार्डाचा परवाना इंग्रजीत असल्यामुळे पर्यटक म्हणून तो तेथे चालतो. तरीही आम्ही पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. त्याचे शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची असते. काउंटरवर त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, मूळ कार्ड मात्र दोघांचेही मागितले. आपल्याकडे डिजिलॉकरमधला परवाना पोलिसही मान्य करतात, त्यामुळे मूळ कार्ड घरी ठेवून निघण्याची सवय अनेकांना लागली आहे. न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना परवाना जवळ असणे बंधनकारक आहे आणि मोबाइलमधल्या प्रतीवर गाडी मिळत नाही.

आता विम्याबद्दल. आम्ही गाडीचे आरक्षण एका मध्यस्थ संकेतस्थळावरून केले होते आणि पैसे भरताना तेथेच ‘संपूर्ण संरक्षण’ या नावाचा विमा ६,८०० रुपयांना घेतला होता. क्राइस्टचर्चच्या काउंटरवर तो कागद दाखवल्यावर तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की हा विमा आमचा नाही आणि आम्हाला तो लागू करता येत नाही. त्याचा अर्थ त्यांनी समजावून दिला तेव्हा सगळे लक्षात आले. भाड्यात मूळचा जो विमा असतो, त्यात नुकसानीचा पहिला वाटा भाडेकरूनेच सोसायचा असतो. त्याला तेथे ‘एक्सेस’ म्हणतात आणि आमच्या करारात तो ४,००० न्यूझीलंड डॉलर होता (येथे डॉलर म्हणजे तेच). मध्यस्थाचा विमा हा वाटा माफ करत नाही. आधी आपण कंपनीला पूर्ण रक्कम भरायची, मग भारतात परतल्यावर पावत्या आणि फोटो जोडून त्या मध्यस्थाकडे परताव्यासाठी अर्ज करायचा. तोपर्यंत अनामत म्हणून ४,००० डॉलर क्रेडिट कार्डावर अडकून राहणार. आमच्याकडचे बहुतेक पैसे फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवलेल्या प्रीपेड कार्डात, होते आणि अनामतीसाठी प्रीपेड कार्ड त्यांना चालत नव्हते. पतींच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरली असती, परंतु मग पुढच्या नऊ दिवसांत हॉटेल किंवा आजारपण यांसाठी हाताशी काहीच उरले नसते.

शेवटी आम्ही कंपनीचाच दररोज ३२ डॉलरचा पर्याय घेतला. त्यामुळे एक्सेस शून्यावर आला, अनामत अवघ्या २०० डॉलरवर आली आणि समोरची काच व टायर यांचे नुकसानही त्यात धरले गेले. सर्वच कंपन्या शून्य एक्सेसमध्ये काच आणि टायर धरत नाहीत, म्हणून ही ओळ करारात स्वतः शोधून वाचावी. कशाला संरक्षण नाही, तेही त्या बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवले: गाडीच्या तळाचे व टपाचे नुकसान, चुकीचे इंधन भरणे, पाण्यातून गाडी घालणे आणि क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता. या शेवटच्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांचा विमा चालतच नाही. तो डोंगराच्या कड्यात कोरलेला अरुंद कच्चा रस्ता आहे आणि पर्यटकांना त्याचे आकर्षण वाटते, पण तेथे जायचे असेल तर स्थानिक सहल कंपन्यांच्या गाडीतून जावे.

येथे आपल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्रयस्थ पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये तशी सक्ती नाही, म्हणजे आपल्याला धडकणाऱ्या गाडीचा विमा असेलच याची खात्री देता येत नाही. अपघातात माणसाला इजा झाली तर मात्र तेथील सरकारी अपघात भरपाई महामंडळ उपचारांचा मोठा भार उचलते, दोष कोणाचाही असो, आणि ही सोय पर्यटकांनाही लागू आहे. १९७४ पासून चालत आलेली ही व्यवस्था मला फार माणुसकीची वाटली. आजारपणाचा खर्च त्यात येत नाही, म्हणून आईसाठी प्रवास विमा वेगळा घेतला होता आणि तो घ्यायलाच हवा.

गाडी टोयोटा कोरोला हायब्रिड, ऑटोमॅटिक गिअरची, दररोज ८५ डॉलर भाड्याची. क्वीन्सटाउनला सोडण्यासाठी १०० डॉलर जास्त पडले आणि दुसऱ्या चालकाचे नाव विनामूल्य लावून मिळाले. दोन मोठ्या बॅगा डिकीत आणि एक छोटी मागच्या सीटवर बसली. साऱ्या प्रवासाला पाऊणशे लिटर पेट्रोल लागले. डिझेलची गाडी पंपावरच्या दरामुळे स्वस्त वाटते. परंतु तेथे डिझेलवरचा रस्ता कर पंपावर घेत नाहीत, तो किलोमीटरच्या हिशेबाने वेगळा आकारला जातो आणि बऱ्याच कंपन्या तो भाडेकरूकडून वसूल करतात. तो धरून हिशेब केला तर पेट्रोल हायब्रिड आम्हाला परवडली. विमानतळावरून कंपनीच्या कार्यालयात नेणाऱ्या व्हॅनची आम्हाला ५० मिनिटे वाट पाहावी लागली. रात्रभरचा प्रवास करून आलेल्या आईला ते जड गेले, एवढी उणीव नोंदवते.

रस्त्याची डावी बाजू आणि उजवीकडचे स्टिअरिंग हे आपल्यासारखेच असल्यामुळे पहिल्या तासाभरातच हात बसतो. हाच धोका आहे असे मला वाटते, कारण गाडी ओळखीची वाटली की मन इकडच्या सवयींवर चालू लागते. तेथे ‘स्टॉप’ची पाटी म्हणजे रस्ता मोकळा दिसत असला तरी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आणि ते सगळेजण पाळतात. खुल्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० किलोमीटरची असते, पण वळणाआधी पिवळ्या पाटीवर ४५ किंवा ५५ लिहिलेले असेल तर तो आकडा विचारपूर्वक लिहिलेला असतो. मागे दोन-तीन गाड्या साचल्या की डावीकडे जागा पाहून थांबावे आणि त्यांना वाट द्यावी. पुढे गेलेला चालक हात दाखवून आभार मानतो. नऊ दिवसांत हॉर्न आम्ही एकदाही वाजवला नाही.

एकेरी पुलांची मात्र सवय करावी लागली. महामार्गावरही कित्येक ठिकाणी नदीवरचा पूल एका गाडीपुरताच असतो आणि कोणी आधी जायचे ते पाटीवरचे बाण सांगतात. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल तर थांबायचे. निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा व पांढरा असेल तर आपला हक्क. वानाकाहून हास्ट खिंडीपलीकडच्या ‘गेट्स ऑफ हास्ट’ या पुलापाशी आम्ही आलो तेव्हा खाली नदी प्रचंड खडकांतून घुसळत होती आणि समोरून एक मोठी कॅम्परव्हॅन येत होती. वरंध घाटात ‘चढणाऱ्याला आधी वाट’ या नियमावर गाडी चालवलेल्या माझ्या मनात क्षणभर गोंधळ झाला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अगं, तुझा बाण कोणता ते बघ आधी.” तेव्हापासून पुलाची पाटी वाचून दाखवण्याचे काम तिने घेतले आणि शेवटपर्यंत चोख केले.

नकाशावरच्या अंतरांवर विसंबून दिवस आखू नये. क्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे २३० किलोमीटर आहे आणि कागदावर तीन तासांचे दिसते. आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले. पुकाकी तलावाच्या काठाने माउंट कुककडे जाताना हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाण्याला आलेला दुधाळ निळा रंग दिसतो आणि समोर ३,७२४ मीटरचे शिखर असते. तेथे चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटते, म्हणून थांबण्याच्या जागा मुबलक ठेवलेल्या आहेत. त्यांचा उपयोग करावा. वानाका ते क्वीन्सटाउनच्या क्राउन रेंजच्या रस्त्याबद्दल मनात धाकधूक होती. १,०७६ मीटर उंचीवरून जाणारा हा रस्ता कोरड्या दिवसात आंबेनळी घाटापेक्षा अवघड वाटला नाही.

कंपनीची खरी कसोटी लागली ती वानाकाला जाताना, लिंडिस खिंडीच्या अलीकडे. उन्हाळ्यात तेथे रस्त्यांवर डांबर आणि खडीचा नवा थर देतात आणि खडी दबून बसेपर्यंत ताशी ३० किंवा ५० किलोमीटरच्या तात्पुरत्या पाट्या लावतात. आम्ही पाटीप्रमाणे सावकाश जात होतो, पण समोरून एक ट्रक वेगाने आला आणि काचेवर टक्कन आवाज झाला. गाडी बाजूला घेऊन पाहिले तर काचेत उजव्या हाताला मसुराच्या डाळीएवढा टवका उडाला होता आणि त्यातून केसासारखी बारीक रेघ निघालेली होती. कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने फोटो मागवला, टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायला सांगितले म्हणजे धूळ आणि ओल आत जात नाही, आणि वानाकाच्या एका काच दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ घेऊन दिली. तेथील कारागिराने टवक्यावर एक छोटी नळी बसवून आतली हवा ओढून घेतली, राळेसारखे द्रव्य भरले आणि निळसर दिव्याखाली ते कडक केले. अर्ध्या तासात काम झाले, आम्हाला पैसा द्यावा लागला नाही. दोन दिवस दुर्लक्ष केले असते तर थंडीत ती रेघ वाढून पूर्ण काच बदलावी लागली असती, असे तो म्हणाला.

‘ते आनाउ’ या गावाहून मिलफर्ड साउंड या डोंगरांतल्या खाडीकडे जाणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा आहे आणि वाटेत पेट्रोल मिळत नाही, म्हणून टाकी ‘ते आनाउ’लाच भरावी. १९५४ मध्ये खुला झालेला होमर बोगदा १.२ किलोमीटर लांबीचा, खडबडीत दगडाचा आणि मिलफर्डच्या बाजूला तीव्र उताराचा आहे. दिवे आधीच लावावेत. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो असताना केआ जातीचा एक पोपट आमच्या टपावर उतरला आणि दाराच्या रबरी पट्टीला चोच लावू लागला. हे पक्षी संरक्षित आहेत, त्यांना खायला देऊ नये. सिग्नल सुटताच तो आपोआप उडाला.

क्वीन्सटाउनला गाडी परत करताना तेथील कर्मचाऱ्याने टाकी आणि किलोमीटर पाहिले, काचेच्या दुरुस्तीची नोंद संगणकावर आधीच होती ती आम्हाला दाखवली आणि दहा मिनिटांत कागद हातात दिला. अनामतीचे २०० डॉलर सहाव्या दिवशी कार्डावर मोकळे झाले. मध्यस्थ संकेतस्थळाला मी दोनदा लिहिले. विमा वापरला नसला तरी गाडी ताब्यात घेतल्यानंतर तो रद्द होत नाही, असे उत्तर आले आणि ते ६,८०० रुपये गेले ते गेलेच.